बहिणीचा हिस्सा आणि आमची शरिअत

अब्बांना जाऊन महिनाही झाला नव्हता. वारस नोंदीसाठी कोणते कागद लागतात हे विचारायला आम्ही दोघे भाऊ तालुक्याला गेलो होतो. तिथल्या एका दस्तलेखकाने मृत्यूचा दाखला पाहिला, वारसांची नावे विचारली आणि लिहिता लिहिताच म्हणाला, "बहिणींच्या सह्या कधी आणता? हक्कसोडपत्र करून टाकू, म्हणजे सातबारा साफ होईल." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्याच्याकडे येणारे बहुतेक भाऊ, हिंदू असोत की मुसलमान, हेच काम घेऊन येतात. आम्हीही काही बोललो नाही. खर्च किती येईल एवढे विचारले आणि परतलो.

रात्री जेवणे झाल्यावर धाकट्या बहिणीला सांगितले. ती भांडी आवरत होती. हात पुसत म्हणाली, "सही करते, त्यात काय. पण भाईजान, एक विचारू? त्या वर्षी तुम्ही दोघांनी मोबाईलवरून सरकारला लिहिलं होतं ना, की आमच्या शरिअतला हात लावू नका म्हणून? त्या शरिअतमध्ये माझा हिस्सा होता का?"

आम्ही दोघेही गप्प झालो. जून २०२३ मध्ये २२ व्या विधी आयोगाने समान नागरी कायद्यावर लोकांची मते मागवली होती. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर तरुण मुले मोबाईल घेऊन उभी होती आणि लोकांना मत कसे पाठवायचे ते दाखवत होती. आम्हीही मोठ्या तळमळीने मत पाठवले होते. ते खोटे नव्हते. पण बहिणीच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या रात्रीनंतर आम्ही थोडे वाचले, मौलाना साहेबांकडे जाऊन बसलो, ओळखीच्या वकिलांना विचारले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटले, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरातला नाही.

धर्मनिरपेक्ष राज्यात शरिअत कुठे असते?

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक म्हणतो, धर्मनिरपेक्ष देशात शरिअतला जागाच नाही. दुसरा म्हणतो, सरकारने शरिअत वाचवली नाही तर ती संपेल. जगाकडे पाहिले तर दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे मार्ग धरले आहेत.

तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नवा दिवाणी कायदा आणला. तेव्हापासून तिथे विवाह, घटस्फोट आणि वारसा यांत शरिअतला कायदा म्हणून स्थान राहिले नाही.

सिंगापूरने उलट केले. राज्य धर्मनिरपेक्ष, मुसलमान अल्पसंख्य, तरीही १९५८ पासून तिथे सरकारमान्य शरिअत न्यायालय आहे आणि १९६६ च्या कायद्याने मुसलमानांच्या निकाह, तलाक आणि वारशाची व्यवस्था लावून दिली आहे. कोणत्या वारसाला किती हिस्सा जातो याचा दाखला ते न्यायालय देते.

ग्रीसची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. तिथल्या पश्चिम थ्रेस भागातील मुसलमानांचे कौटुंबिक निवाडे मुफ्ती करत आले. एका मुसलमान गृहस्थाने देशाच्या दिवाणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता बायकोच्या नावे केली. तो वारल्यावर त्याच्या बहिणींनी दावा लावला की भाऊ मुसलमान होता, म्हणून वारसा शरिअतप्रमाणेच व्हावा. ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने बहिणींचे म्हणणे मान्य केले. ती विधवा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्या न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. केवळ नवरा मुसलमान होता म्हणून तिला वेगळी वागणूक देता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ग्रीसने कायदा बदलला होता. आता तिथे दोन्ही पक्षांची संमती असेल तरच मुफ्तींकडे निवाडा होतो.

दक्षिण आफ्रिकेत, जिथे केपटाऊनला आपले कोकणी मुसलमान कित्येक पिढ्यांपासून राहतात, कायदा माणसाला मृत्युपत्र करण्याची मोकळीक देतो. दीनदार मुसलमान तिथे हयातीतच मृत्युपत्र करून ठेवतात आणि त्यात लिहितात की माझी मालमत्ता शरिअतच्या हिश्शांप्रमाणे वाटावी. सरकार शरिअत लावत नाही, तरी मुलीला तिचा हिस्सा मिळतो, कारण बापाने तो लिहून ठेवलेला असतो.

हे वाचताना आमच्या मनात एक गोष्ट स्पष्ट झाली. सरकार दार उघडे ठेवते किंवा बंद करते, एवढेच त्याच्या हाती असते. उघड्या दारातून आत जायचे की नाही, हे आपल्या हाती असते.

आपल्या देशात काय उरले आहे

भारतात शरिअतचा किती भाग कायदा म्हणून चालतो, याचा आपण शांतपणे विचार करत नाही. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की विवाह, वारसा अशा बाबतीत मुसलमानांना कुरआनचा कायदा लावावा. फौजदारी कायदाही बराच काळ इस्लामी चौकटीतच होता. पुढे एकेक भाग गळत गेला. १८६० ची दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली, १८७२ मध्ये पुराव्याचा आणि कराराचा कायदा आला. गुन्हे, व्यापार, कर्ज, साक्ष, करार, सगळे सर्वांना सारखे झाले. उरले ते घर: निकाह, महर, तलाक, पोटगी, मुलांचे पालकत्व, हिबा, वक्फ आणि वारसा.

राज्यघटनेने कलम २५ मध्ये धर्मपालनाचे स्वातंत्र्य दिले आणि कलम ४४ मध्ये समान नागरी कायद्यासाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्वही ठेवले. या दोन कलमांमधला ताण आजही सुटलेला नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा मुसलमानांनाही लागू आहे. १९३७ चा शरिअत कायदा तिथे कधी लागूच झाला नाही. उत्तराखंडने २०२४ मध्ये समान नागरी संहिता संमत केली आणि जानेवारी २०२५ पासून ती अमलात आणली. उद्या आणखी कोणते राज्य काय करील ते सांगता येत नाही. म्हणून लोकांना काळजी वाटते आणि ती काळजी निराधार नाही.

दारुल कजाबद्दलही गैरसमज आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दारुल कजा किंवा फतवा देणे बेकायदा नाही, पण तो कोणावर कायद्याने बंधनकारकही नाही. म्हणजे दोन मुसलमान आपला वाद राजीखुशीने काझी साहेबांपुढे ठेवू शकतात. न्यायालय त्यांना अडवत नाही आणि जबरदस्तीही करू देत नाही.

इथपर्यंत आम्ही वाचले तेव्हा वाटले, ठीक आहे, वारसा तरी आपल्याकडे शरिअतप्रमाणेच आहे. मग आमच्या गावात, आमच्या भावकीत, एकाही बहिणीचे नाव सातबाऱ्यावर का नाही?

मुंबईतला एक जुना निकाल

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही १८४७ च्या मुंबईत पोहोचलो. खोजा आणि कच्छी मेमन समाजातील घराण्यांचे वारसाचे खटले त्या वर्षी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे चालले. मुलीच्या बाजूने मागणी होती ती बापाच्या मालमत्तेतून कुरआनने दिलेल्या हिश्शाची. समोरून सांगण्यात आले की आमच्यात मुलींना वारसा देण्याची रूढीच नाही. न्यायाधीशांनी रूढी मान्य केली. मुली हरल्या.

विचार करा. मुली कुरआनचे नाव घेऊन कोर्टात उभ्या होत्या. मुसलमान नातेवाईक रूढीचे नाव घेऊन त्यांच्याविरुद्ध उभे होते. आणि इंग्रज न्यायाधीशाने नातेवाईकांचे ऐकले.

हे फक्त मुंबईतच घडत नव्हते. पंजाबच्या जमीनदारांत, सरहद्द प्रांतात, इतरही बऱ्याच भागांत मुसलमानांचा वारसा रूढीने चालत होता आणि त्या रूढीत मुलीला जागा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत याच गोष्टीची आठवण करून दिली होती. शरिअत सगळीकडे आणि सर्वकाळ एकसारखी चालत आलेली नाही, सरहद्द प्रांतात तर ती १९३५ पर्यंत नव्हती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्याला ते ऐकायला कडू वाटते, पण वस्तुस्थिती तीच होती.

म्हणूनच १९३७ चा शरिअत कायदा आला. आज तो फक्त आपल्या ओळखीचा कायदा म्हणून आपल्याला माहीत आहे. पण त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांचा उल्लेख होता. रूढीने आमचे हक्क बुडतात, अशी त्यांची तक्रार होती. उलेमांचा त्याला पाठिंबा होता. म्हणजे ज्या कायद्याचे रक्षण करा म्हणून आम्ही मोबाईलवरून मत पाठवले, तो जन्मला होता बहिणींना हिस्सा मिळावा म्हणून.

आणि शेतजमीन?

पण त्या कायद्यात एक भोक राहिले. शेतजमिनीचा वारसा त्यातून वगळला गेला. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांचा विषय होता हे कारण होतेच, आणि मोठ्या जमीनदारांचीही त्याला हरकत नव्हती. पुढे मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपापल्या भागापुरते ते भोक बुजवले.

आपल्या महाराष्ट्राच्या जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात १८२७ च्या रेग्युलेशनची रीत चालत आली. आधी लेखी कायदा पाहायचा, तो नसेल तर रूढी, आणि तीही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा. रूढी आहे असे जो म्हणेल त्याने ती सिद्ध करायची. साध्या भाषेत सांगायचे तर बहिणीला शेतात हिस्सा नाही, हे म्हणायला भावाला आजही कोर्टात सांगावे लागेल की आम्ही या बाबतीत शरिअत पाळत नाही, रूढी पाळतो. असे उघड म्हणायला कोणता मुसलमान भाऊ तयार होईल?

म्हणून भाऊ कोर्टात जात नाही. तो बहिणीची सही घेतो.

अल्लाहने ठरवलेला हिस्सा

मौलाना साहेबांनी आम्हाला उहुदच्या लढाईनंतरची घटना सांगितली. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हाची अरबांची रूढीच ती होती. सअद यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि आपले गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर वारसाची आयत उतरली. प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून सांगितले की दोन मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश दे आणि जे उरेल ते तुझे.

म्हणजे वारसाच्या कायद्याच्या मुळाशी एका बाईची तक्रार आहे. सूरह निसामध्ये अल्लाहने पुरुषांच्या हिश्शाबरोबर स्त्रियांचाही हिस्सा सांगितला, मालमत्ता थोडी असो की जास्त, आणि तो ठरवून दिलेला हिस्सा म्हटला. हिस्से सांगून झाल्यावर या अल्लाहच्या मर्यादा आहेत, अशी ताकीदही दिली. नमाज कशी पढायची याचा तपशील आपल्याला हदीसमधून मिळतो. पण वारसाचे हिस्से मात्र अल्लाहने कुरआनमध्ये अपूर्णांकांत सांगितले आहेत.

आम्ही घरी येऊन हिशेब मांडला. अब्बांची शेती चार एकर बत्तीस गुंठे, म्हणजे १९२ गुंठे. वारस पाच: अम्मी, आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी. अम्मीचा एक अष्टमांश, म्हणजे २४ गुंठे. उरले १६८. त्याचे सहा भाग, भावाला दोन आणि बहिणीला एक. प्रत्येक भावाला ५६ गुंठे, प्रत्येक बहिणीला २८.

पण मौलाना साहेब म्हणाले, "थांबा. वाटणीच्या आधी कर्ज." सोसायटीचे कर्ज आम्हाला माहीत होते. ते म्हणाले, "आणि तुमच्या आईचे महर?"

आम्ही अम्मीला विचारले. ती म्हणाली, अकराशे पंचवीस रुपये ठरले होते, कधी दिले नाहीत. आणि जनाजा उचलण्याच्या वेळी बायकांनी तिला सांगितले होते, "महर माफ केलं म्हण." ती म्हणाली होती. नवऱ्याचा मृतदेह समोर असताना कोणती बाई नाही म्हणेल? न दिलेले महर हे शरिअतप्रमाणे नवऱ्यावरचे कर्ज असते आणि देशाचा कायदाही ते कर्जच मानतो. रक्कम लहान होती. पण आमच्या घरात एका बाईचे कर्ज चाळीसहून अधिक वर्षे कोणी मोजलेच नव्हते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

आपण कोणती कारणे सांगतो

ही कारणे आम्हालाही पाठ होती. तीच आधी आमच्या तोंडी आली.

पहिले कारण, बहिणीच्या लग्नात खर्च झाला. पण लग्नाचा खर्च, जहेज हे वारशाच्या बदल्यात दिलेले नसते. अब्बा हयात असताना तिचा वारसाहक्क जन्मलाच नव्हता, मग त्याची परतफेड तेव्हा कशी होईल? आणि खर्च आमच्याही लग्नात झाला होता. तो कोणी आमच्या हिश्शातून कापला नाही.

दुसरे, बहीण स्वतःच नको म्हणते. आमची थोरली बहीण, आपा, हेच म्हणाली. तिचा नवरा वारला आहे. शहरात एका खोलीत भाड्याने राहते, शिलाई करते, मुलाचे शिक्षण चालू आहे. फोनवर म्हणाली, "मला जमीन नको. ईदला बोलवत जा म्हणजे झालं." हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. आपाला भीती होती की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. तिच्या नकारात राजीखुशी नव्हती, भीती होती. मौलाना साहेब म्हणाले, "आधी तिच्या ताब्यात द्या. मग तिला वाटलं तर ती परत देईल. हिस्सा किती आहे हे ठाऊक नसताना आणि भावांना तोंड द्यायची सोय नसताना दिलेली माफी ही माफी नसते."

तिसरे, जमिनीचे तुकडे होतील. पण वारस नोंदीत नावे सामाईक लागतात, लगेच बांध घालावा लागत नाही. भाऊ कसत राहू शकतो आणि बहिणीला उसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशातून तिच्या हिश्श्याप्रमाणे देऊ शकतो. जमीन नकोच असेल तर बाजारभावाने तिच्या हिश्शाची किंमत देऊन मग हक्कसोडपत्र करता येते. तो खरा व्यवहार होईल.

चौथे कारण बाहेरून येते. लोक विचारतात, तुमच्या शरिअतमध्ये मुलीला निम्माच का? याचे उत्तर आपण देतो की घराचा खर्च, बायकोचे महर, आईवडिलांचा सांभाळ या जबाबदाऱ्या मुलावर आहेत. उत्तर बरोबर आहे. पण मग ज्या भावाने दुप्पट घेतले त्याने विधवा बहिणीचा सांभाळ केला का, हेही विचारले पाहिजे. दुप्पट हिस्सा घ्यायला शरिअत आणि जबाबदारी आली की रूढी, असे चालणार नाही. आणि मुलीला निम्मेसुद्धा न देणाऱ्या माणसाला 'निम्मे का' या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार कुठून येतो?

जेव्हा आपण आधी उठलो

आपल्याच इतिहासात एक चांगले उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता झाला किंवा नांदवत नसला तरी बाईला सुटका मिळणे फार अवघड होते. पंजाबमध्ये काही स्त्रिया निकाहातून सुटण्यासाठी धर्म सोडू लागल्या. मौलाना अशरफ अली थानवी यांनी यावर मालिकी फिकहाच्या आधाराने मार्ग काढला. त्यातून पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नसेल, दोन वर्षे त्याने खर्च दिला नसेल, छळ होत असेल, तर पत्नी न्यायालयात जाऊन निकाह रद्द करून घेऊ शकते. शरिअतच्या आत राहून, उलेमांच्या पुढाकाराने, राज्याच्या कायद्याची मदत घेऊन हे झाले.

याच्या शेजारी तीन तलाकची गोष्ट ठेवून पाहा. एका दमात तीन तलाक देणे हे चुकीचे, गुन्ह्यासारखे आहे, असे आपले उलेमा शतकानुशतके सांगत आले. पण समाज म्हणून आपण ते थांबवले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले आणि २०१९ च्या कायद्याने त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आला. त्या कायद्याबद्दल आमचे आक्षेप आहेत. पण आपण स्वतः आवरले असते तर तो आलाच नसता, हेही खरे आहे.

वारशाच्या बाबतीत आज आपण नेमके याच वळणावर उभे आहोत. केरळमधील एका मुसलमान दांपत्याने २०२३ मध्ये विशेष विवाह कायद्याखाली आपले लग्न पुन्हा नोंदवले, कारण त्यांना फक्त मुली होत्या आणि सगळी मालमत्ता मुलींनाच मिळावी असे वाटत होते. त्या कायद्याखाली विवाह नोंदला की भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. आम्हाला तो मार्ग पटत नाही. हयातीत हिबा करण्याचा रस्ता शरिअतमध्येच होता. पण त्यांच्यावर टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलींसाठी हिबा केला, हा प्रश्न उरतोच.

आज, याच देशात, जे करता येते

कोणताही नवा कायदा न मागता मुसलमान घराला आज काय करता येते, ते थोडक्यात सांगतो.

निकाहनाम्यात महरची रक्कम नीट लिहावी आणि शक्यतो निकाहाच्या वेळीच द्यावी. राहिली असेल तर आजच द्यावी, जनाजाची वाट पाहू नये.

हयातीत मुलांना काही द्यायचे असेल तर हिबा करता येतो. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे, या तीन गोष्टी पूर्ण झाल्या पाहिजेत. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांना प्रेषितांनी (स.) विचारले होते की इतर मुलांनाही इतकेच दिलेस का, आणि नाही म्हटल्यावर त्या देण्याला साक्षी राहायला नकार दिला होता.

वसीयत एक तृतीयांशापर्यंत करता येते. दत्तक घेतलेले मूल, निराधार भाची, आधी वारलेल्या मुलाची मुले, ज्यांना वारसा मिळत नाही अशांसाठी तिचा उपयोग करावा.

मृत्यूनंतर आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, त्यात महरही आले, मग वसीयत आणि नंतर वाटणी. वारस नोंदीच्या अर्जात सगळ्या वारसांची नावे लिहावीत. बहिणींनीही एक लक्षात ठेवावे: सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून हक्क जात नाही, कारण फेरफाराने मालकी ठरत नसते. पण नोंदलेल्या हक्कसोडपत्रावर सही केली तर तो जातो. न वाचता सही करू नका.

पाच नावे

आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो. त्याच दस्तलेखकाने विचारले, "सह्या आणल्या?" आम्ही सांगितले, हक्कसोडपत्र नको, वारस नोंदीचा अर्ज लिहा, पाच नावे. त्याने मान वर करून पाहिले. "बहिणींचीही?" म्हणाला. मग लिहू लागला.

सोसायटीचे कर्ज फिटायला एक हंगाम गेला. अम्मीला महर दिले तेव्हा तिने पैसे मोजले नाहीत, उशीखाली ठेवले. नोंद मंजूर झाल्यावर सातबाऱ्याचा उतारा घेऊन आम्ही आपाच्या खोलीवर गेलो. तिने शिलाई मशीन थांबवली, चष्मा लावला आणि बोट ठेवत नावे वाचली. आपल्या नावाशी थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "हे अब्बांनी सांगितलं होतं?"

आम्ही म्हणालो, "अल्लाहने सांगितलं होतं. आम्हीच उशीर केला."

धर्मनिरपेक्ष राज्यात शरिअतचे काय होईल, हा मोठा प्रश्न आहे. त्यासाठी लढावे लागेल तिथे संविधानाच्या मार्गाने लढावे. पण कोणत्याही न्यायालयाने, कोणत्याही सरकारने आम्हाला बहिणीचा हिस्सा देण्यापासून रोखले नव्हते. आम्हीच स्वतःला रोखले होते. धाकट्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो. पुढच्या वेळी मशिदीबाहेर मत मागितले जाईल तेव्हा आम्ही जरूर देऊ, पण आधी घरी विचारून.

अल्लाह आपणा सर्वांना त्याने ठरवलेले हिस्से हक्कदारांपर्यंत पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.